ताप आला का, आत्या?

आधीच सांगते, ह्यात मी कुणाचं नाव घालणार नाही. माझंसुद्धा नाही. आमचं गाव निमगाव केतकी आणि सणसरच्या मधे कुठंतरी आहे, एवढं धरून चाला. बाळ मुलगा की मुलगी तेही विचारू नका, मी बाळच म्हणणार. तुम्हाला वाटेल, म्हातारीचं एवढं काय गुपित असणार. मी मुळात लई बोलकी बाई. एसटीत शेजारी बसलेल्या बाईला पुढचा थांबा यायच्या आत माझी सगळी बाळंतपणं सांगून व्हायची. आता शेजारी कुणी बसलं की मी आधी तिच्या हातात फोन आहे का बघते, आणि मग खिडकीतून उसाकडं बघत बसते.

माझी भाची आली ती भर दुपारी. धाकट्या भावाची मुलगी. भाऊ गेला, भावजय त्याच्याही आधी गेली, म्हणजे तिला माहेर म्हणून मीच उरलेली. बारामतीत दिली होती. जावयाचं मोबाईलचं दुकान, रिचार्जपासून दुरुस्तीपर्यंत सगळं तिथं. लग्नात आम्ही सगळे म्हणालो, पोरीनं नशीब काढलं. आणि त्या दुपारी मी ओसरीवर शेंगा फोडत बसलेय, तर ही फाट्यावरून उन्हात चालत येतेय. पदराखाली तान्हं बाळ आणि पायात दोन तऱ्हेच्या चपला.

"अगं, फोन करायचा. कुणालातरी गाडी घेऊन पाठवलं असतं की."

"फोनचं नाव नको काढू आत्या. आधी आत चल, दार लाव."

पाणी दिलं, बाळाला तिच्या मांडीवरून माझ्या मांडीवर घेतलं, तेव्हा कुठं ती बोलायला लागली. लग्नानंतर त्यानं तिला नवाकोरा फोन दिला होता, स्वतःच्या हातानं सगळं त्यात घालून. ही किती खूश होती तेव्हा, मला सतरा फोटो पाठवले होते. मग एकदा ती बाजारात चपलांच्या दुकानात उभी होती. दुकानदारीण काहीतरी गमतीचं बोलली म्हणून ही हसली. लगेच ह्याचा फोन. "चपला घ्यायला गेलीस का हसायला?" हिनं मागं बघितलं, पुढं बघितलं. तो कुठंच नव्हता, आपल्या दुकानात बसला होता. फोन तिच्या पिशवीत होता, आणि तो पिशवीतून ऐकत होता.

त्या दिवसापासून ती बाहेर हसायची बंद झाली. मग बोलायचीही बंद झाली. माझ्याशी फोनवर नुसतं "हं, जेवले, बरंय" एवढंच. मला वाटायचं, पोरीला सासर मानवलं, आत्या नकोशी झाली. मी रुसले होते तिच्यावर, खोटं कशाला बोलू. तो हात कधीपासून उचलायला लागला ते तिनं सांगितलं नाही, मी तिच्या मानेवर बघितलं.

"म्हणाला, जायचं तर जा, बाळ हितं ठेवून जा," ती म्हणाली. "आणि म्हणाला, कुठंबी गेलीस तरी सापडशील. तुझं सगळं माझ्या नंबरवर हाय."

ते वाक्य मी नुसतं ऐकलं. त्याचा अर्थ दोघींनाही तेव्हा कळला नाही.

माझा मुलगा पुण्याला नोकरीला आहे. त्यानं इंदापूरच्या एका वकीलबाईंची गाठ घालून दिली. बाई तोंडानं कडक, पण मनानं चांगल्या. म्हणाल्या, "बाळ आईकडंच राहील असा कोर्टाचा कागद हातात येईपर्यंत ती कुठं आहे हे त्याला कळता कामा नये. एकदा का त्यानं बाळ उचलून नेलं, की परत मिळवायला किती वर्षं जातील ते मी सांगू शकत नाही." एवढंच आमच्यापुढं काम होतं. बाळ लपवायचं, कागद येईपर्यंत.

तो फोन भाचीनं बंद करून आणला होता. मी म्हटलं, बंद आहे मग कसली भीती. ती म्हणाली, "बंद दिसतोय. त्याच्याच दुकानातला हाय तो." मग आम्ही दोघींनी तो कपड्यात गुंडाळला, ज्वारीच्या पिठाच्या डब्यात खोल खुपसला आणि वरून घट्ट झाकण दाबलं. पुढं वकीलबाईंनी तो नेला, तरी त्या पिठाची भाकरी करायला माझा हात धजेना. आपण जेवतोय आणि पीठ ऐकतंय असं वाटायचं. शेवटी म्हशीला घातलं.

दुसऱ्याच दिवशी जावयाचा मला फोन आला. "आत्या, तिकडं आली का ओ ती?" मी उलट त्यालाच फैलावर घेतलं, माझी पोर कुठं घालवलीस म्हणून. रडले सुद्धा, आणि ते रडणं काही खोटं नव्हतं. त्याला पटलं असावं. तो तिच्या मुंबईच्या मामाकडं शोधायला गेल्याचं कानावर आलं.

आमची वस्ती गावाबाहेर, कालव्याच्या अंगाला. गावात जायचं तर चौकातून जावं लागतं आणि चौकात खांबावर कॅमेरे आहेत. विहिरींवरच्या मोटारी चोरीला जायला लागल्या तेव्हा सगळ्या गावानं मागून घेतलेले. बसवले तेव्हा आम्ही बायका खाली उभ्या राहून पदर नीट करत होतो, जसं काय फोटोच काढतायत. आता त्याच खांबाखालून जाताना मी पदर पार नाकापर्यंत ओढायची. पडदा ग्रामपंचायतीत आहे म्हणतात, पण मेंबरांच्या मोबाईलवरही ते सगळं दिसतं, हे कुणीतरी सहज बोलता बोलता सांगितलं. भाचीला मी उंबऱ्याबाहेर पडू दिलं नाही.

पण बाळ कसं लपवायचं? बाळ रडतं. वस्तीवरच्या बायका आल्याच बघायला. मी सांगितलं, भाची बाळाला घेऊन माहेरपणाला आलीय, जावयाला दुकान सोडता येत नाही. बायकांचं काही नव्हतं हो, पण प्रत्येकीच्या हातात फोन. एक तर घरात शिरायच्या आधीच, "आक्का, बाळाला जरा उजेडात धरा, स्टेटसला ठेवते." नको म्हणावं तर का म्हणून विचारणार. मी पटकन चुलीजवळ गेले, तव्याची काजळी बोटावर घेतली आणि बाळाच्या गालावर ही एवढी मोठी तीट लावली. म्हटलं, "फोटो नको गं बायांनो, लगेच दृष्ट लागते ह्याला. कालपासून दूध टाकतंय."

सगळ्यांनी फोन खाली घेतले. आमची शेजारीण, ऊसवाल्यांच्या घरची, तिला मी वहिनी म्हणते, ती माझ्याकडं बघतच राहिली. आमच्या सासऱ्यांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा घरातले गंडेदोरे, अंगारे सगळं चुलीत घातलं. माझ्या एकाही पोराला कधी काळं लागलेलं नाही. दृष्ट काढणाऱ्या बायकांना मी तोंडावर हसलेली आहे, त्यात ही वहिनी पहिली.

"आक्का, तुमच्यात कधीपासनं ओ हे?" वहिनी म्हणाली.

"वय झालं आता. भ्या वाटतंय," मी म्हटलं.

एवढं मात्र खरं बोलले. मी रोज सकाळी ती तीट लावायची आणि भिंतीवरच्या तसबिरींकडं बघायची टाळायची. पण लावता लावता मनात यायचं, सासरे असते तर त्यांना विचारलं असतं, की मामंजी, समोरच्या माणसाच्या नजरेनं काही होत नाही हे पटलं, पण जी नजर बारामतीत बसून हितल्या मांडीवरचं बाळ बघते, तिला काय करायचं?

मग बाळाच्या लसीच्या सुईची तारीख आली. भाची म्हणत होती, राहू दे, पुढं बघू. मीच ऐकलं नाही. माझी एक मुलगी लहानपणी गोवरात गेलेली, मी सुई चुकवू देणार नव्हते. म्हटलं, तू घरात थांब, मी घेऊन जाते. अंगणवाडीत नर्सबाई येतात त्या दिवशी बाळाला टोपरं बांधलं, डोक्यावरून पदर ओढला आणि निघाले. चौकातून जाताना मान वर केली नाही.

नर्सबाईंनी भाचीचं दवाखान्याचं कार्ड हातात घेतलं, आईचं नाव विचारलं, नंबर विचारला. मी माझा नंबर सांगितला, भाचीनं पढवून पाठवलं होतं तसा. त्या मोबाईलमध्ये बघून हसून म्हणाल्या, "आजी, नवीन नोंद कशाला? आईची गरोदरपणापासूनची नोंद हाय की हितं. सापडली बघा." मला काय कळणार. सापडली म्हणजे चांगलंच झालं असं वाटलं. बाळ एकदाच कळवळून रडलं, मी त्याला छातीशी धरलं आणि कालव्याच्या वाटेनं घरी आले. खरं सांगायचं तर मनात म्हणत होते, जमलं.

दिवे लागायच्या वेळेला माझा फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. आवाज मात्र लगेच ओळखला, किती गोड आवाज.

"ताप आला का, आत्या?"

मी फोन कानाला तसाच घट्ट धरला.

"सुईनं येतोच जरासा. मांडीला गार फडकं लावा. रात्री लई रडलं तर तापाचे थेंब द्या." आणि वर, "तुमी आजीचं काम करताय म्हणून बरं वाटलं."

फोन कधी बंद झाला मला कळलं नाही. भाची चुलीपुढं होती. माझ्याकडं बघूनच तिला समजलं. तिनं उठून बाळाला उचललं आणि कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून उभी राहिली, जसं काय तो फोनमधून बाहेरच येणार आहे. तेव्हा तिला त्याच्या त्या वाक्याचा, तुझं सगळं माझ्या नंबरवर हाय ह्याचा, अर्थ लागला. सरकारी दवाखान्यात पहिल्यांदा नाव घातलं तेव्हा नंबर नवऱ्याचा दिलेला. बँकेत नवऱ्याचा, गॅसला नवऱ्याचा, आधारला नवऱ्याचा. आमच्याकडं सगळ्याच बायका तसाच देतात हो. स्वतःचा फोन हातात असला तरी कागदावर मालकाचा नंबर सांगायचा, तशी पद्धतच आहे. मी सुद्धा हे जाईपर्यंत ह्यांचाच सांगत होते. सुई बाळाच्या मांडीत गेली आणि कुठल्या गावात, कुठल्या अंगणवाडीत, हे सगळं त्याच्या खिशात जाऊन वाजलं.

मी तशीच बांधावरून वहिनीकडं गेले. तिला सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती भांडी घासत होती, राखेचे हात तसेच धरून ऐकत राहिली.

"म्हणून तीट व्हय!" म्हणाली. "मला वाटलं, आक्का आमच्यात परत आल्या."

मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. ती हात धुऊन उठली. "रडू नगा. पोरीला आणि बाळाला माझ्याकडं आणा. उसाच्या कडंनं आणा, रस्त्यानं नगा."

तो दुसऱ्या दिवशी सकाळी आला. मोटारसायकल ओसरीला लावली, वाकून पाया पडला. मी पाणी दिलं, दुसरं काय करणार. त्यानं घोटभर पिऊन तांब्या खाली ठेवला आणि इकडंतिकडं बघायला लागला. त्याची नजर जिथं थांबली तिथं माझी गेली आणि माझा जीव गेला. दोरीवर लंगोट वाळत होते. सगळं आवरलं होतं मी, पाळणा उतरवला, दुधाची वाटी लपवली, काजळी पुसली. दोरीकडं बघायचंच राहिलं होतं.

"कुणाची ओ ही, आत्या?"

मी तांब्या उचलायला वाकले. तेवढ्यात बांधावरून वहिनी आली, डोक्यावर रिकामी पाटी. आली ती थेट दोरीकडं गेली आणि लंगोट काढायला लागली.

"माझ्या नातवंडाची हायेत," तिनं ठणकावलं. "आमच्याकडं ऊन पडत न्हाय, उसानं सावली केलीय. का वो पाव्हणं, तुमच्यात पुरुष मोजत्यात व्हय लंगोट?"

तो हसला. चांगला मोकळा हसला, शेजारच्या पोरासारखं. मग खिशातून फोन काढून माझ्यापुढं धरला. त्यात मी होते. वरून दिसणारी मी, चौकातून चालणारी, पदरात बाळ. बाळाच्या टोपऱ्याची नाडीसुद्धा दिसत होती. मी स्वतःला असं वरून कधी बघितलं नव्हतं. किती म्हातारी दिसत होते, आणि किती सहज सापडण्यासारखी.

"तुमाला खोटं बोलता येत न्हाय, आत्या," तो म्हणाला. "कुठं ठिवलंय ते मी आत्ता विचारत न्हाय. घरोघर हिंडून तमाशा करायचा न्हाय मला, कोर्टात वाईट दिसतं. पण पुढची सुई तर द्यावीच लागंल की. मी वाट बघीन."

तो गेला तरी मी उठले नाही. त्याची गाडी चौकात पोचली असेल, निमगावात पोचली असेल, असं मोजत बसले. वहिनी शेजारी बसली. लंगोटांच्या घड्या घालत होती, घातलेल्या मोडून परत घालत होती.

ते चित्र दिलं कुणी, तर आमच्याच एका मेंबरानं. चांगला पोरगा, माझ्या हातचं खाल्लेला. मी विचारायला गेले तर तोच कळवळून म्हणाला, "आक्का, तो फोनवर रडत होता ओ. बायको रुसून गेलीय, लेकराचं तोंड तरी बघू द्या म्हणला. मला वाटलं, पुण्याचं काम हाय." माझ्यापुढं जावई तसा रडला असता तर मीही कदाचित दिलं असतं. पण त्या दिवसापासून मला कळलं, की तो खांब चोरांकडं बघत नाही आणि आमच्याकडंही बघत नाही. तो नुसता बघतो, आणि जो मागेल त्याला देतो.

वकीलबाईंनी सगळं कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाल्या, हिला इथून हलवू. आणि सगळीकडचा नंबर बदलू. नर्सबाईंना बोलावलं. त्यांना कळलं तेव्हा त्या बिचाऱ्या खाली बसल्या. म्हणाल्या, "आजी, मी तर सोपं व्हावं म्हणून केलं." त्यांनी लगेच मोबाईल काढला, नंबर बदलायला घेतला, आणि मधेच थांबल्या. नंबर बदलायचा तर आधी जुन्या नंबरवर आकडे जाणार आणि ते आकडे इथं सांगावे लागणार. म्हणजे त्याच्यापासून सुटायला त्यालाच विचारायचं. भाची तेव्हा पहिल्यांदा हसली. ते हसणं मला रडण्यापेक्षा वाईट वाटलं.

शेवटी नर्सबाई आणि वकीलबाई वरच्या डॉक्टरांशी जाऊन बोलल्या. बाळाचं नाव अजून ठेवलेलं नव्हतं, तेच उपयोगी पडलं. जुनी नोंद तशीच राहिली आणि बाळाची नवी नोंद आईच्या माहेरच्या नावानं केली. नंबर वकीलबाईंच्या ऑफिसचा. पुढची सुई दुसरीकडं कुठंतरी, आधीचं कार्ड न दाखवता. बारसं मी थाटात करणार होते. खीर, वंदना, सगळी वस्ती जेवायला. ते राहिलं.

कुठं नेलं ते मला सांगितलं नाही. मीच म्हटलं, सांगू नका. त्यानं बरोबर ओळखलंय, मला खोटं बोलता येत नाही. माहीतच नसलं म्हणजे खोटं बोलायला लागत नाही. निघताना भाचीनं माझ्या पायातल्या चपला घातल्या, तिच्या दोन तऱ्हेच्या माझ्याकडं राहिल्या. बाळाच्या गालावर मी तीट लावली नाही. काजळी घेतली होती बोटावर, पण मग पदराला पुसली. म्हटलं, लोक ओळखतील, काळं लावलेलं बाळ म्हणून. गाडी गेली तेव्हा मी घरातच थांबले, बाहेर आले असते तर कुणीतरी बघितलं असतं मी कुणाला निरोप देतेय ते.

मग किती दिवस मला काही कळलं नाही. फोन वाजला की दचकायचे. तिचा असला तरी भीती, त्याचा असला तरी भीती. फोन मी पालथा ठेवायला लागले. वहिनी म्हणायची, "पालथा ठिवून काय हुतं, कान तर खालीच हायेत त्याचं." तरी पालथाच. त्याचा मधे एकदा आला. "सुईची वेळ झाली न्हवं, आत्या?" एवढंच बोलला. मी ओटीवर बसून दिवसभर चौकाच्या बाजूला बघत होते.

पुढं निमगावच्या बाजाराला गेले, मेथी घ्यायला. पालेभाजी विकायला बसलेल्या बायकांच्या रांगेत एक अनोळखी बाई माझ्यापुढं आली. माझ्या पायांकडं बघितलं. त्या दिवशी मी भाचीच्या त्याच दोन तऱ्हेच्या चपला घातल्या होत्या, माझ्याकडं दुसऱ्या होत्याच कुठं. ती हळूच म्हणाली, "बाळाला सुई दिली. ताप आला न्हाय."

मी मेथीची जुडी हातात धरून नुसती उभी. विचारायला माझ्या तोंडाशी किती होतं. वाढलंय का, हसतं का, आई जेवते का, नाव काय ठेवलं. एसटीतल्या बायकांना बाळंतपणं सांगणारी मी, तिच्यासमोर एक शब्द बोलले नाही. तिच्या हातात पिशवी होती, पिशवीत काय आहे ते दिसत नव्हतं.

"बरं," एवढंच म्हटलं.

ती स्टँडकडं चालायला लागली. तिथं गाड्या लागलेल्या होत्या, त्यांच्यावर गावांच्या पाट्या. मला वाचता येतं, पोरांच्या पाटीवर बसून शिकलेय मी. म्हणून ती कुठल्या गाडीत चढते ते दिसायच्या आत मी पाठ फिरवली आणि दुसऱ्या बाजूनं बाजाराबाहेर पडले.